‘लिफ्टचा खर्च’ : एका गृहनिर्माण संस्थेतील पाच महिन्यांच्या वादाचा अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात 1987 साली बांधलेली आमची इमारत तळमजला आणि वर चार मजले अशी आहे. प्रत्येक मजल्यावर चार याप्रमाणे एकूण 20 सदनिका आहेत. बांधकामाच्या वेळी लिफ्ट बसवली नव्हती, आणि तेव्हा त्याची कोणाला उणीव भासली नाही, कारण घरे घेणारी बहुतेक जोडपी तिशीतली होती. तीच माणसे आता सत्तरीला पोचली आहेत. चौथ्या मजल्यावरील आजींचे खुब्याचे हाड 2021 मध्ये मोडले. त्यानंतरच्या वर्षभरात त्या फक्त तीन वेळा खाली उतरल्या, आणि तिन्ही वेळा त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावे लागले.

जून 2022 मध्ये व्यवस्थापक समितीने लिफ्ट बसवण्याचा विचार मांडला. त्यातून जो वाद उभा राहिला तो पाच महिने चालला. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. नोकरीच्या काळात मी महाविद्यालयात संस्कृत शिकवत असे, आणि न्यायदर्शनातील, म्हणजे तर्क आणि वाद यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय शास्त्रातील, वादाचे प्रकार हा माझ्या आवडीचा विषय होता. त्या निमित्ताने अध्यक्षांनी मला मध्ये पडण्याची विनंती केली. पुढील लेखनात ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि संभाषणे माझ्या टिपणांवरून व आठवणीवरून दिली आहेत.

वाद समजण्यासाठी दोन नियम आधी सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी असलेल्या आदर्श उपविधींमध्ये प्रत्येक खर्चाची विभागणी कशी करावी हे वेगवेगळे सांगितलेले आहे. पाणीपट्टी नळजोडांची संख्या व आकार पाहून आकारतात, तर लिफ्टच्या देखभालीचा आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो. एखादा सभासद लिफ्ट वापरतो की नाही याचा तेथे विचार होत नाही. दुसरा नियम दुरुस्तीचा आहे. गच्चीतून होणारी गळती असो किंवा इमारतीची सामाईक सांडपाण्याची वाहिनी असो, तिची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. पहिला नियम या प्रकरणात सर्वांच्या तोंडी होता. दुसऱ्याची आठवण तळमजल्यावरील एका माणसाखेरीज कोणालाच नव्हती.

समस्या

समितीने लिफ्टचा अंदाजे खर्च आणि प्रत्येक सदनिकेचा समान वाटा लिहून तो कागद इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. तळमजल्यावरील एका निवृत्त सभासदांनी, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, तासाभरात उत्तर दिले: ‘आम्ही तळमजल्यावरचे चौघे लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. आमच्याकडून समान पैसे कशाचे?’

हा प्रश्न होता, आणि प्रश्न म्हणून तो रास्त होता. त्या रात्री साडेअकरा वाजता सचिवांनी त्याला उत्तर लिहिले: ‘काका, उपविधी वाचा. लिफ्टचा खर्च सर्वांना समान असतो. यावर चर्चा होऊ शकत नाही.’

हे वाक्य मी पुढे अनेकदा वाचले, कारण सगळे प्रकरण त्यातून फुटले असे माझे मत आहे. सचिव खोटे बोलत नव्हते. उपविधीत लिफ्टच्या खर्चाविषयी समान वाटणीच सांगितलेली आहे. पण तो खर्च देखभालीचा आणि चालवण्याचा. काका विचारत होते ते लिफ्ट नव्याने उभारण्याच्या खर्चाविषयी, आणि समितीच्या कागदावरही तोच आकडा होता. दोघेही ‘लिफ्टचा खर्च’ हाच शब्दप्रयोग करत होते आणि प्रत्येक जण आपापल्या अर्थाने बरोबर होता. न्यायसूत्रांत समोरच्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ घेऊन त्याचे म्हणणे खोडणे याला वाक्छल म्हटले आहे. भाष्यकारांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: ‘हा मुलगा नवकंबल आहे’ असे एकाने म्हणावे, त्याला नवी घोंगडी म्हणायची असावी, आणि दुसऱ्याने ‘याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ असे विचारावे. तेथे दुसरा माणूस जाणूनबुजून अर्थ बदलतो. आमच्याकडे तसे कोणी केले नाही, आणि त्यामुळेच चूक सापडायला इतका उशीर झाला. लबाडी असती तर कोणीतरी ती लगेच पकडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदाने लिहिले: ‘उद्या म्हणाल, आम्ही रात्री बाहेर पडत नाही, मग आवारातल्या दिव्यांचे पैसे का?’ त्याला दहा-बारा अंगठे मिळाले. वाक्य चटपटीत होते, पण त्याने प्रश्न एक पाऊलही पुढे सरकला नाही, कारण आवारातले दिवे आधीपासून होते आणि लिफ्ट अजून व्हायची होती. काकांना मात्र त्या वाक्यापेक्षा ते अंगठे लागले. वीस घरांपैकी दहा-बारा घरे आपल्याला हसली, एवढेच त्यांच्या मनात राहिले. त्यांनी उलट लिहिले: ‘वरच्यांनी घर घेतले तेव्हा लिफ्ट नाही हे दिसत होते ना?’ हे आजींच्या सुनेने वाचले. तिने लिहिले: ‘तुमच्या घरातले माणूस असे अडकून पडले असते तर?’ काकांची आई दीर्घ आजारात अंथरुणाला खिळून गेली होती, हे त्या सुनेला ठाऊक नव्हते. त्या दुपारी काकू गटातून बाहेर पडल्या. त्यांनी काही लिहिले नाही, केवळ ‘गट सोडला’ एवढी ओळ दिसली, आणि त्या ओळीकडे आम्ही कोणीच थांबून पाहिले नाही.

ऑगस्टपर्यंत स्थिती अशी झाली की तळमजल्यावरील दोन घरांनी मासिक देखभाल शुल्क ‘निषेध नोंदवून’ भरण्यास सुरुवात केली, समितीच्या एका सदस्याने राजीनामा दिला, आणि गणपतीच्या वर्गणीतही दोन याद्या झाल्या. लिफ्ट कोठे बसवायची, इमारतीचा सांगाडा ती पेलू शकेल का, महापालिकेची परवानगी आणि लिफ्ट निरीक्षकांचा परवाना यांसाठी काय लागेल, यांपैकी कशाचीही चौकशी तोपर्यंत झालेली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

सप्टेंबरच्या सुरुवातीला अध्यक्षांनी मला बोलावले तेव्हा समितीत तीन मते होती.

पहिले मत बहुमताने ठराव मंजूर करून घेण्याचे होते. विशेष सर्वसाधारण सभेची 5 पूर्ण दिवसांची सूचना द्यायची, 20 पैकी 14 सभासद आले की गणपूर्ती होते, आणि वरच्या चार मजल्यांची 16 मते असल्याने निकाल ठरलेलाच आहे, असे सचिवांचे म्हणणे होते. हे कायद्याला धरून होते. परंतु उभारणीच्या खर्चाची समान वाटणी उपविधीत सांगितलेली आहे असे धरून तो ठराव लिहिला गेला असता, आणि काका तो सहकार न्यायालयात घेऊन गेले असते, याविषयी मला शंका नव्हती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 91 खाली असा वाद तेथे नेता येतो, आणि काकांनी एका वकिलांची भेट घेतल्याचे आम्हाला कळले होते. आजींचे वय तेव्हा 81 होते. न्यायालयाच्या तारखा त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या.

दुसरे मत तळमजल्याला संपूर्ण वगळण्याचे होते. दिसायला हे उदार होते, आणि मलाही ते सुरुवातीला पटले. पहिल्या मजल्यावरील चारही घरांनी मात्र लगेच विचारले की मग आम्हीही लिफ्ट क्वचितच वापरू, आमचे काय? त्यामागोमाग दुसऱ्या मजल्यावरूनही कुजबुज सुरू झाली. शिवाय वगळण्याचा निर्णय काकांना न विचारता, त्यांच्या वतीने घेतला जात होता.

तिसरे मत विषय वर्षभर बाजूला ठेवण्याचे होते. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. आजींच्या घरी ते सांगायला कोण जाणार, असे अध्यक्षांनी विचारले तेव्हा कोणीही हात वर केला नाही.

मी चौथा मार्ग सुचवला. सभा बोलावण्यापूर्वी काही मोजक्या माणसांनी समोरासमोर बसावे, आणि त्या बैठकीत निर्णय घेण्याचा प्रयत्नच करू नये. ‘चरकसंहिते’च्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी हे सांगताना संभाषेचे दोन प्रकार केले आहेत: एक संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेत केलेली, आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे लढण्यासाठी केलेली. दुसऱ्या प्रकाराने काहींच्या मनात वैर उत्पन्न होते आणि रागावलेला माणूस काहीही बोलू शकतो, असा इशाराही तेथे आहे. आमचा गट जूनपासून फक्त दुसऱ्या प्रकारात बोलत होता. सचिवांनी विचारले, ‘मॅडम, बोलून बोलून तर हे झालं, आणखी बोलायचं?’ त्यांचा प्रश्न योग्य होता. माझ्याकडे तेव्हा एवढेच उत्तर होते की जूनपासून त्यांनी आणि काकांनी एका खोलीत बसून एकही वाक्य उच्चारलेले नाही.

येथे माझ्यासमोर स्वतःविषयीही एक निर्णय होता. माझे गुडघे दुखतात आणि लिफ्ट झाली तर माझा थेट फायदा आहे. अशा माणसाने मध्यस्थ व्हावे का? मी नकार द्यायला हवा होता असे आजही काहींना वाटते. मी होकार दिला, पण ‘मला लिफ्ट हवी आहे’ हे काकांना पहिल्याच भेटीत सांगितले.

केलेली कृती

पहिली कृती व्हॉट्सअ‍ॅप गटाविषयी होती. अध्यक्षांनी लिहिले की लिफ्टविषयी यापुढे गटावर केवळ सूचना येतील, मते येणार नाहीत. दोन जणांनी हे पाळले नाही, पण त्यांना कोणी उत्तर दिले नाही आणि आठवड्याभरात ते थांबले.

दुसरी कृती काकांच्या घरी जाण्याची होती, आणि पहिल्या भेटीत मी चुकले. उपविधींची प्रत, त्यात खुणा केलेली पाने आणि मनात तयार केलेली मांडणी घेऊन मी गेले. सोफ्यावर बसताच मी म्हणाले, ‘काका, नियमात नेमकं काय आहे ते आपण एकदा पाहू या.’ काका म्हणाले, ‘तुम्हीही नियमच घेऊन आलात.’ मग ते क्रिकेटविषयी बोलू लागले, काकूंनी चहा आणला, आणि वीस मिनिटांनी मी परत आले. त्या वीस मिनिटांत काका एकही कठोर शब्द बोलले नाहीत, आणि मला काहीही कळले नाही.

दुसऱ्या वेळी मी रिकाम्या हाताने गेले आणि एकच प्रश्न विचारला: ‘काका, तुम्हाला कोणता खर्च मान्य नाही? लिफ्ट बांधण्याचा, का नंतर चालवण्याचा?’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘चालवण्याचा समान असतो, ते मला माहीत आहे. बँकेत होतो मी, उपविधी मीही वाचलेत. पण बांधायचा खर्च समान हे कुठे लिहिलंय ते मला एकानं तरी दाखवा.’

म्हणजे सचिव ज्या मुद्द्यावर ‘चर्चा होऊ शकत नाही’ म्हणत होते तो मुद्दा काकांनी मुळात नाकारलेलाच नव्हता. इतके दिवस दोन्ही बाजू एकमेकांना जे समजावत होत्या ते समोरच्याला आधीच ठाऊक होते.

एवढ्यावर प्रकरण मिटेल असे मला त्या क्षणी वाटले. पण काका उठून आत गेले आणि एक फाईल घेऊन आले. तीत 2016 सालच्या सभेचे इतिवृत्त होते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे होते, गळती फक्त चौथ्या मजल्यावर होती, आणि खर्च सर्वांनी मिळून केला होता. काकांनी त्या ठरावाला अनुमोदन दिले होते. खालचा कागद 2019 चा होता. गणपतीच्या दिवसांत आवारातील चेंबर तुंबून मैलापाणी तळमजल्यावरच्या दोन घरांच्या मोरीतून आत आले होते. त्यांनी समितीला अर्ज दिला. त्यावर तेव्हाच्या समितीने ‘संबंधित सदनिकाधारकांनी आपल्या खर्चाने सफाई करून घ्यावी’ असा शेरा मारला होता. काका म्हणाले, ‘गच्ची गळली तेव्हा आम्ही सगळे एक होतो. मोरीतून घाण आली तेव्हा आम्ही तळमजलावाले झालो. आता लिफ्ट आली, तर पुन्हा सगळे एक.’

तो शेरा नियमाविरुद्ध होता, कारण सामाईक वाहिनी संस्थेचीच जबाबदारी होती. मला त्या प्रकाराची कल्पना होती, अर्ज आल्याचेही आठवत होते, पण पुढे काय झाले हे मी कधी विचारले नव्हते. लिफ्टविषयीच्या सगळ्या बोलण्यात या फाईलचा उल्लेख काकांनी स्वतःही एकदाही केला नव्हता. का नाही, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, ‘तिथे काढली असती तर लोक म्हणाले असते, काका जुनी उणीदुणी काढतात.’ त्यांचे हे अनुमान चुकीचे नव्हते. त्या गटाने नक्की तसेच म्हटले असते.

भेट संपताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. समितीच्या कागदावरील कच्च्या आराखड्यात लिफ्टचा शाफ्ट इमारतीच्या मागील बाजूस, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून दाखवला होता.

तिसरी कृती ती बैठक. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी काकांच्याच घरी सहा जण बसलो: काका, पहिल्या मजल्यावरील एक वहिनी, सचिव, अध्यक्ष, आजींची सून आणि मी. माझा एकच नियम होता. समोरच्याच्या म्हणण्याला उत्तर देण्यापूर्वी ते म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, आणि तो माणूस ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेपर्यंत आपले मत मांडायचे नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त सांगत नाहीत, आणि चांगला ग्रंथकार प्रतिपक्षाचे म्हणणे कधी कधी प्रतिपक्षाहून समर्थपणे मांडतो. ती शिस्त चहाच्या टेबलावर आणता येईल का, हे मला पाहायचे होते.

सचिवांनी सुरुवात केली. ‘काकांचं म्हणणं आहे की ते लिफ्ट वापरणार नाहीत म्हणून त्यांना पैसे द्यायचे नाहीत.’

काका म्हणाले, ‘नाही.’

सचिवांनी पुन्हा प्रयत्न केला. ‘काकांचं म्हणणं आहे की देखभालीचा खर्च ते देतील, पण उभारणीचा खर्च नियमात नाही म्हणून देणार नाहीत.’

‘निम्मं बरोबर.’

येथे सचिव चिडले. त्यांनी माझ्याकडे पाहून ‘ही परीक्षा आहे का?’ असे विचारले. मी काही बोलले नाही, आणि हा मला या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण वाटतो, कारण त्यांच्या मदतीला जाण्याची मला तीव्र इच्छा झाली होती. मी उत्तर सांगितले असते तर ते माझे वाक्य झाले असते. काकांनी तेवढ्यात फाईल टेबलावर ठेवली. सचिवांनी 2019 चा अर्ज आणि त्यावरचा शेरा वाचला. ते इमारतीत 2020 मध्ये राहायला आले होते आणि त्यांनी तो कागद पूर्वी पाहिलेला नव्हता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘काकांचं म्हणणं आहे की इमारत एक आहे असं आपण आपल्या सोयीनं म्हणतो. त्यांच्या घरात घाण आली तेव्हा म्हटलं नाही. आधी ते मान्य करा, मग पैशांचं बोला.’

काका म्हणाले, ‘हो. हेच.’

त्यानंतर काकांची पाळी होती आणि समोर आजींची सून होती. काकांनी पहिल्याच प्रयत्नात सांगितले की आजींना डॉक्टरकडे नेण्यासाठी चार माणसे गोळा करावी लागतात, आणि माणसे मिळत नाहीत म्हणून तपासण्या पुढे ढकलल्या जातात. त्यांना हे कसे माहीत, असे सुनेने विचारले. तेव्हा कळले की तीन वेळांपैकी एकदा खुर्चीचा एक पाय काकांनी स्वतः धरला होता. ती त्या दिवशी पुढे रिक्षापाशी थांबली असल्याने तिने ते पाहिले नव्हते. जूनमधील आपल्या वाक्याबद्दल तिने क्षमा मागितली. काकांनी ‘राहू दे गं’ म्हटले आणि विषय बदलला. त्यांनी स्वतःच्या वाक्याबद्दल क्षमा मागितली नाही. मी त्यांना ते सुचवलेही नाही.

पैशांचा तोडगा त्या दिवशी काकांकडूनच आला, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याही अपेक्षेपेक्षा वेगळा होता. अध्यक्ष तळमजल्याला वगळण्याचे बोलू लागताच काका म्हणाले, ‘शून्य नको. शून्य दिलं की उद्या कुठल्याही बाबतीत तुम्ही म्हणाल, तुमचा काय संबंध.’ उभारणीसाठी तळमजल्याने पूर्ण वाट्याचा चौथा हिस्सा द्यावा, पहिल्या मजल्याने निम्मा, वरच्या मजल्यांनी उरलेला खर्च समान वाटून घ्यावा आणि देखभाल उपविधीप्रमाणे सर्वांना समान असावी, असे त्यांनी मांडले. त्याबरोबर सांडपाण्याची जुनी वाहिनी दुरुस्ती निधीतून बदलण्याचे काम आधी व्हावे, अशी त्यांची अट होती.

खिडकीचा प्रश्न मात्र बोलण्याने सुटणारा नव्हता. स्थापत्य अभियंत्यांनी इमारत पाहून दोन जागा सांगितल्या. समोरच्या बाजूने शाफ्ट उभारला तर लिफ्ट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबणार होती, आणि प्रत्येक मजल्यावर अर्धा जिना चढणे किंवा उतरणे उरणार होते. मागील बाजूने लिफ्ट थेट मजल्याच्या पातळीवर थांबत होती, पण काकांच्या स्वयंपाकघराचा उजेड जात होता. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसासाठी अर्धा जिना हा पूर्ण जिन्याइतकाच असतो. येथे कोणाचाही गैरसमज झालेला नव्हता. दोन घरांच्या गरजा खरोखर एकमेकींच्या आड येत होत्या. अभियंत्यांनी शाफ्ट शक्य तितका बाजूला सरकवला, आणि काकांची सदनिका कोपऱ्यावरची असल्याने दुसऱ्या भिंतीत संस्थेच्या खर्चाने नवी खिडकी काढून देण्याचे ठरले. काकांनी दोन दिवस विचार करून होकार दिला.

निष्पत्ती

नोव्हेंबर 2022 मध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेत ‘लिफ्टचा खर्च’ हा शब्दप्रयोग कोठेही ठेवला नाही. ‘लिफ्ट उभारणीचा भांडवली खर्च’ आणि ‘लिफ्टची देखभाल व ती चालवण्याचा खर्च’ असे दोन वेगळे विषय, दोन वेगळे ठराव आणि दोन वेगळी मतदाने घेतली. त्याआधी सांडपाण्याच्या वाहिनीचा ठराव घेतला आणि 2019 च्या अर्जावरील निर्णय चुकीचा होता अशी नोंद इतिवृत्तात केली. उभारणीच्या असमान वाट्यांसाठी प्रत्येक सभासदाची लेखी संमती घेण्यास लेखापरीक्षकांनी सांगितले होते, ती घेतली. 17 सभासद उपस्थित होते. उभारणीच्या ठरावाच्या बाजूने 14, विरोधात 2 मते पडली आणि एक जण तटस्थ राहिला. विरोधातील एक मत तळमजल्याचे होते. ते कुटुंब ठराव बहुमताने झाल्यावर संमतीपत्रावर सही करायला तयार झाले, पण समितीशी त्यांचे बोलणे आजही कामापुरतेच आहे.

वाहिनी 2023 च्या पावसाळ्यापूर्वी बदलली. परवानग्या आणि बांधकामात वर्षाहून अधिक काळ गेला, आणि लिफ्ट 2024 च्या सुरुवातीला चालू झाली. आजी पहिल्या दिवशी खाली आल्या आणि आवारातील बाकावर तासभर बसल्या.

काय वेगळे करता आले असते

सचिवांचा साडेअकराचा संदेश हा पहिला निर्णयबिंदू होता. त्या जागी ‘काका, कोणत्या खर्चाविषयी म्हणता?’ एवढे लिहिले असते तर वादाचे स्वरूप वेगळे झाले असते. मात्र त्यांच्या जागी मी असते तर मी तसे विचारले असते का, याची मला खात्री नाही. दिवसभराचे काम करून, विनामोबदला संस्थेचे पद सांभाळणाऱ्या माणसाला रात्री तो प्रश्न आरोपासारखा दिसला, आणि आरोपाला उत्तर देताना माणूस अर्थ विचारत नाही. उत्तर सकाळपर्यंत न देणे हा त्यावरचा साधा उपाय होता. समितीने आता रात्री नऊनंतर गटावर काहीही न लिहिण्याचे ठरवले आहे.

गटावरील त्या दहा-बारा अंगठ्यांविषयी मी अधिक कठोर आहे. त्यांपैकी एक माझा होता. दिव्यांचे ते वाक्य मला चतुर वाटले म्हणून मी तो दिला. न्यायशास्त्राप्रमाणे तत्त्व शोधण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची केवळ मोडण्यासाठी चालते ती वितंडा. हे वर्गीकरण बोलणाऱ्यांचे आहे. आमच्या प्रकरणात जल्पाला बळ दिले ते न बोलता दाद देणाऱ्यांनी, आणि मध्यस्थी स्वीकारताना मी काकांना माझ्या गुडघ्यांविषयी सांगितले, त्या अंगठ्याविषयी सांगितले नाही. ते सांगायला हवे होते.

सर्वांत मोठी त्रुटी मला लिफ्ट सुरू झाल्यानंतर कळली. नव्या खिडकीतून येणारा उजेड ओट्यापर्यंत पोचत नाही, आणि काकूंना दुपारी दोननंतर स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. मी त्यांना विचारले की आराखडा पाहताना हे लक्षात आले नव्हते का. त्या म्हणाल्या, ‘आराखडा यांनी पाहिला. मला कोणी दाखवला?’ मी त्या घरी चार वेळा गेले होते, चारही वेळा काकूंनी केलेला चहा घेतला होता, आणि ज्या बैठकीत प्रत्येकाचे म्हणणे ‘हो, हेच’ होईपर्यंत ऐकायचे असा नियम मी घातला होता ती बैठक त्यांच्याच घरात, त्यांच्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर झाली होती. जूनमध्ये त्यांनी गट सोडला ती ओळ मी वाचली होती, आणि तो त्यांचा रुसवा आहे असे समजून पुढे गेले होते. त्यांचे म्हणणे काय आहे हे मी काकांना कधी विचारले नाही, आणि त्यांना तर नाहीच नाही.

‘मला विचारलं असतं,’ काकू म्हणाल्या, ‘तर मी खिडकी तिथेच काढा म्हटलं असतं, पण भिंत फोडलीच आहे तर ओटाही त्या बाजूला फिरवून द्या म्हटलं असतं. तेव्हा गवंडी होताच की.’

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ओटा हलवण्याच्या खर्चाचा विषय मी दिला आहे, आणि अर्ज काकूंच्या सहीने आहे.